डांबरी रस्त्याची न खोदता तपासणी : मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सोसायट्यांचे सचिव विचारतात, नगरसेवकांच्या कार्यालयातली मंडळी विचारतात, साइटवर नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर विचारतात आणि बिल अडकलं की कंत्राटदारही विचारतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्राला दोष कळत नाही, त्याला फक्त फरक कळतो : इथे लहर वेगळी परतली, इथे रस्ता जास्त दबला, इथे चार अंश जास्त तापला. तो फरक म्हणजे बिघाड, जुनी भरलेली चर की नुसती झाडाची सावली, हे माणसालाच ठरवावं लागतं.

रस्ता वरून छान दिसतोय. मग तपासायचा कशाला?

डांबरी रस्त्याचं बहुतेक दुखणं खालून वर येतं. चाक वरून गेलं की डांबरी थर किंचित वाकतो आणि ताण सगळ्यात जास्त पडतो त्याच्या तळाशी. थकव्याचा तडा तिथे सुरू होऊन हळूहळू वर सरकतो. जाळीदार तडे वर दिसायला लागले, तेव्हा खालचं काम केव्हाच झालेलं असतं.

पाण्याचंही तसंच. दोन थरांच्या मधल्या फटीत पाणी साचतं, वरून बस गेली की ते दाबाखाली खडीवरचं डांबर सोलून काढतं. आपल्याकडची खडी बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची. डांबर तिला ग्रॅनाइटपेक्षा बरं चिकटतं. पण खडी धुळीने माखलेली असेल तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुढचं सांगायला नको.

आयआरसी, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, हिच्या आयआरसी:३७-२०१८ या मार्गदर्शिकेत चाकोरी २० मिमी खोल झाली किंवा पृष्ठभागाच्या २० टक्के भागावर थकव्याचे तडे आले की रस्त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. तपासणीचा उपयोग त्याच्या आधी असतो.

न खोदता म्हणजे नेमक्या कोणत्या चाचण्या?

मुख्य गट असे : जमिनीत लहरी सोडणारा रडार, म्हणजे जीपीआर, वजन टाकून रस्ता किती दबतो ते मोजणारं एफडब्ल्यूडी आणि त्याचा जुना भाऊ बेंकेलमन बीम, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, घनता मोजणारी गेज, पृष्ठभागावर ठोका देऊन लहरींचा वेग मोजणारी उपकरणं, आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणा व तडे टिपणारी लेझरची गाडी. हातोडीने ठोकून आवाज ऐकणं हीसुद्धा न खोदता केलेली तपासणीच, आणि ती फुकट आहे.

प्रत्येकाला दिसतं ते वेगळं. एकाच यंत्रावर सगळं निदान करतो असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे बहुधा तेवढं एकच यंत्र आहे.

जीपीआर कसा चालतो?

अँटेनातून विद्युतचुंबकीय लहरीचा ठोका जमिनीत जातो. जिथे पदार्थ बदलतो तिथून त्याचा थोडा भाग परत येतो. पदार्थ बदलला हे लहरीला कळतं ते त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकामुळे. हा आकडा जितका मोठा तितकी लहर त्या पदार्थात हळू चालते. हवेचा स्थिरांक १, कोरड्या-ओल्यानुसार डांबरी मिश्रणाचा साधारण ४ ते ७, काँक्रीटचा बहुधा त्याहून थोडा जास्त, आणि पाण्याचा जवळजवळ ८०. म्हणून रडारला सगळ्यात ठळक दिसतं ते पाणी. मुंबईच्या दृष्टीने ही मोठीच सोय, आणि मोठी अडचणही.

थरांची जाडी आणि वरच्या थरातले बिघाड पाहायला १ ते २ गिगाहर्ट्झचा अँटेना लागतो. तो गाडीच्या मागे जमिनीपासून वर टांगलेला असतो, त्यामुळे वाहतुकीसोबत चालता चालता काम होतं. खोली मिळते फार तर अर्धा मीटर. गटारं, नळ, केबल किंवा रस्त्याखालची पोकळी शोधायची तर ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा अँटेना हातगाडीवर बसवून जमिनीला टेकवून ढकलत न्यावा लागतो. हे काम रात्रीच होतं.

जीपीआरने मोजलेल्या जाडीवर बिल द्यायचं का?

एक हिशेब करून पाहू. लहर थराच्या तळापर्यंत जाऊन परत यायला २ नॅनोसेकंद लागले. डायइलेक्ट्रिक ५ धरला तर जाडी येते सुमारे १३४ मिमी. पण मिश्रणात ओल होती आणि खरा आकडा ७ होता असं समजा. मग तीच जाडी होते ११३ मिमी. रस्ता तोच, नोंद तीच, फरक २१ मिमीचा. एवढ्या फरकावर वॉर्ड ऑफिसात आठवडाभर भांडण चालू शकतं.

यावर उपाय साधा आहे. त्याच रस्त्यावर दोन-चार ठिकाणी कोअर, म्हणजे मशीनने कापलेले गोल तुकडे, काढायचे, त्यांची जाडी प्रत्यक्ष मोजायची आणि त्यावरून त्या रस्त्याचा, त्या दिवसाचा आकडा ठरवायचा. पुस्तकातला आकडा घालून काढलेली जाडी अंदाज म्हणून ठीक, बिलासाठी नाही. कोअर जुळवून घेतले की मात्र रडारसारखं दुसरं साधन नाही. कोअर शंभर मीटरवर एक जाडी सांगतो, रडार सलग सांगतो. अधेमधे थर पातळ झालेली जागा कोअरच्या पट्टीत सापडतेच असं नाही, रडारच्या पट्टीत सुटणं कठीण.

आणखी एक मर्यादा. २ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी डांबरात सहा-सात सेंटिमीटर असते. २५ ते ३० मिमीचा पातळ वरचा थर तिला खालच्यापासून वेगळा काढताना नाकी नऊ येतात.

समुद्राकाठच्या भागात रडार चालतो का?

वरच्या डांबरी थरांपुरता चालतो. खाली जायचं म्हटलं की तो लवकर आंधळा होतो. भराव घातलेल्या जमिनीत, नरिमन पॉइंट किंवा वांद्रे रेक्लमेशनसारख्या ठिकाणी, भूजल खारं असतं आणि भरतीच्या जवळपास वर येतं. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, त्यामुळे लहर तिथेच विरते. वडाळा, शिवडी, माहुलकडच्या चिकट सागरी मातीतही हेच होतं. मुरुमाच्या कोरड्या भरावात जो अँटेना दोन मीटर दाखवतो तोच इथे अर्ध्या-पाऊण मीटरवर थांबतो.

म्हणून अहवालात 'तीन मीटरपर्यंत पोकळी आढळली नाही' असं वाक्य दिसलं तर विचारा की या जागेवर लहर खरोखर तीन मीटर गेली होती का. न दिसणं आणि नसणं यात फरक आहे.

डांबराचे थर एकमेकांपासून सुटलेत हे कसं ओळखायचं?

आधी डोळ्यांनी. बेस्टच्या थांब्यापाशी, सिग्नलच्या आधी किंवा पुलाच्या उतारावर चंद्रकोरीच्या आकाराचे तडे दिसले, तर वरचा थर खालच्यावरून घसरतोय. ब्रेक लागतात तिथे हा बिघाड सगळ्यात आधी उघडा पडतो.

कारण बहुतेक वेळा एका रात्रीतलं असतं. मिलिंग झालं, जुना थर खरवडला गेला, पण नवा थर टाकायला पुढची रात्र उजाडली. मधल्या दिवसभर त्यावरून वाहतूक गेली, माती बसली. रात्री झाडू मारला न मारला, टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, कुठे पडला कुठे नाही, आणि डांबर पसरणारा पेव्हर पुढे सरकला.

असा कोअर हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. मशीनच्या नळीतून १०० मिमी व्यासाचा गोल तुकडा बाहेर येतो तो अखंड येतच नाही, दोन चकत्या येतात. वरची चाळीसेक मिमीची काळी चकती, खाली डीबीएम, म्हणजे जाड खडीचा डांबरी थर. दोन्हींच्या समोरासमोरच्या पाठीवर राखाडी मातीचा पातळ लेप. बोट फिरवलं की भुकटी बोटाला लागते आणि खाली डांबराची चमक कुठेच नसते. ही चकती बघितल्यावर कुणाला अहवाल वाचून दाखवावा लागत नाही.

आता यंत्राबद्दल. थर सुटलेत पण मधली फट केसाएवढी आणि कोरडी आहे, तर जीपीआरला ती दिसत नाही. त्या फटीत पाणी भरलं की दिसते. म्हणून पाऊस थांबल्यावर लगेचच्या दिवसांत, पृष्ठभाग सुकलेला पण आत ओल टिकून आहे अशा वेळी, रडार फिरवला तर थर सुटल्याच्या खुणा जास्त सापडतात. कोरड्या मे महिन्यात त्याच जागा निर्दोष वाटतील. ठोका देऊन पृष्ठभागावरच्या लहरींचा वेग मोजणारी उपकरणं या कामाला जास्त भरवशाची, कारण थर सुटला की त्या जागेचा ताठरपणा घटतो आणि वेग पडतो. पण ती एकेका बिंदूवर टेकवावी लागतात. आधी रडारने संशयित पट्टे काढा, मग तिथे ही उपकरणं लावा.

एफडब्ल्यूडी म्हणजे काय? रस्त्यावर वजन आपटून तो आणखी खराब होत नाही का?

नाही होत. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर ही एका ट्रेलरवर किंवा गाडीत बसवलेली यंत्रणा. ३०० मिमी व्यासाची तबकडी रस्त्यावर टेकवतात आणि रबराच्या गाद्यांवर वजन सोडतात. ठोका वीस-तीस मिलिसेकंदांचा असतो. भार साधारण ४० किलोन्यूटन, म्हणजे ८० किलोन्यूटनच्या प्रमाणित अक्षाच्या एका बाजूचा. भरलेल्या ट्रकचं चाक वेगाने जाताना रस्त्याला जे सोसावं लागतं, तेवढंच.

ठोक्याखाली रस्ता मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा दबतो आणि परत येतो. तबकडीच्या मध्यावर आणि पुढे ठरावीक अंतरांवर ठेवलेले जिओफोन हे दबणं मोजतात. सगळे आकडे जोडले की एक वाटी तयार होते, आणि खरी माहिती त्या वाटीच्या आकारात असते.

समजा दोन जागा आहेत आणि दोन्हीकडे मध्यावर रस्ता ०.६० मिमी दबला. पहिल्या जागी ३०० मिमी अंतरावर ०.३० आणि ९०० मिमीवर ०.०७. वाटी अरुंद आणि खोल. म्हणजे खालची जमीन शाबूत आहे, वरचे डांबरी थर गळपटलेत. ते खरवडून नवे टाकले की काम होईल. दुसऱ्या जागी ३०० मिमीवर ०.४६ आणि ९०० मिमीवर ०.२२. वाटी पसरट. इथे तळाची मातीच दबतेय. यावर कितीही डांबर ओता, दोन पावसाळ्यांत तेच. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, गटाराची पातळी बघा, मग रस्त्याकडे वळा.

भारतात यासाठी आयआरसी:११५-२०१४ ही मार्गदर्शिका आहे. वाटीवरून प्रत्येक थराचा ताठरपणा उलट गणिताने काढण्यासाठी त्यात आयआयटी खरगपूरची 'केजीपीबॅक' ही संगणक प्रणाली दिली आहे. या गणिताला थरांच्या जाड्या आधी पुरवाव्या लागतात. जाडी चुकली की ताठरपणाही चुकतो. रडार आणि एफडब्ल्यूडी ही जोडी लागते ती यासाठी.

तापमानाचंही बंधन आहे. डांबर तापलं की मऊ पडतं आणि जास्त दबतं, म्हणून सगळे आकडे ३५ अंश सेल्सिअसवर आणून तुलना करतात. थराच्या आतलं तापमान घ्यायला सुमारे चार सेंटिमीटरचं छोटंसं भोक पाडून त्यात ग्लिसरॉल भरतात आणि तापमापी बुडवतात. न खोदता केलेल्या तपासणीत हे एवढं खोदणं चालतं!

बेंकेलमन बीम अजून वापरतात का?

वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ही लांब तरफ. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या मध्ये तिचं टोक ठेवायचं, ट्रक पुढे गेला की रस्ता किती वर आला ते डायलवर वाचायचं. आयआरसी:८१-१९९७ मध्ये पद्धत दिली आहे. स्वस्त आहे, दुरुस्तीला सोपी आहे. पण ती फक्त मध्यावरचा आकडा देते. वरच्या उदाहरणातल्या दोन्ही जागा तिच्या वहीत ०.६० म्हणून सारख्याच उतरतील. आतल्या गल्लीला चालेल, मोठ्या रस्त्याच्या मजबुतीकरणाचा निर्णय तिच्यावर घेऊ नये असं आमचं मत.

थर्मल कॅमेऱ्याने काय कळतं?

त्याचे दोन अगदी वेगळे उपयोग आहेत.

पहिला जुन्या रस्त्यावर. सुटलेल्या थराखाली हवेची फट असते, त्यामुळे उन्हाची उष्णता खाली उतरत नाही. सकाळी ऊन चढताना ती जागा आजूबाजूपेक्षा गरम दिसते, रात्री लवकर निवते. यासाठी स्वच्छ ऊन आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक हवा. मुंबईत हे डिसेंबर ते फेब्रुवारीत बऱ्यापैकी जमतं. पावसाळी ढगांखाली कॅमेरा नेण्यात अर्थ नाही. शिवाय गुलमोहराची सावली, उंच इमारतीची सावली, मेट्रोच्या पुलाची सावली, नुकती उठलेली पार्क केलेली गाडी, सांडलेलं ऑइल, हे सगळं चित्रात बिघाडासारखंच दिसतं. साधा फोटो बरोबर काढला नसेल तर थर्मल चित्र बाजूला ठेवा.

दुसरा उपयोग डांबर टाकताना, आणि आमच्या मते खरी किंमत इथे वसूल होते. प्लांट शहराबाहेर, रस्ता शहरात, मध्ये टोलनाक्यांपासून सिग्नलपर्यंतची गर्दी. डंपरमधल्या मालाची वरची आणि कडेची साय थंड होते, मधला भाग गरम राहतो. डंपर रिकामा होताना ही थंड साय शेवटी पेव्हरमध्ये पडते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या स्पेसिफिकेशननुसार व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण पसरताना किमान १४० अंश आणि दाबताना किमान ९० अंश असायला हवं. थंड पट्टा कितीही रोलर फिरवला तरी नीट दबत नाही, त्यात पोकळ्या जास्त राहतात.

याची पावती पहिल्या-दुसऱ्या पावसात मिळते. खड्डे एका ओळीत, ठरावीक अंतराने पडतात. अंतर मोजलं तर एका डंपरच्या मालात जेवढी लांबी होते तेवढंच भरतं. ज्याने काम पाहिलं नाही त्याला हे कोडं वाटतं. ज्याने त्या रात्री पेव्हरच्या मागे कॅमेरा धरला होता त्याला प्रत्येक खड्ड्याचा डंपर सांगता येतो.

परदेशातल्या अभ्यासांवरून ठोकताळा असा की नुकत्या पसरलेल्या थरावर शेजारशेजारच्या भागांत १४ अंशांहून जास्त फरक दिसला तर तिथे घनता कमी भरण्याचा धोका मोठा. असा पट्टा दिसला की तेव्हाच, माल गरम असतानाच, काही करता येतं. सकाळी येऊन पाहणारा फक्त नोंद करू शकतो.

घनतेची गेज किरणोत्सर्गी असते म्हणतात. धोका आहे का?

न्यूक्लियर गेजमध्ये सीझियम-१३७ चा छोटा बंद स्रोत असतो. भारतात ती बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित माणूस आणि सुरक्षित साठवण लागते. नियम पाळले तर रस्त्याने जाणाऱ्याला धोका नाही. पण ही कटकट नको म्हणून आता विद्युत क्षेत्रावर चालणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या गेज जास्त दिसतात. त्या हलक्या आणि झटपट, मात्र ओलाव्याला फसतात. रोलरने नुकतंच पाणी शिंपडलेल्या जागी त्या भलतेच आकडे देतात. त्यांनाही त्याच मिश्रणाच्या कोअरशी आधी जुळवून घ्यावं लागतं.

घनतेला एवढं महत्त्व का, तर पोकळ्या साधारण ८ टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते. त्यापुढे दर एक टक्का जादा पोकळीमागे आयुष्य दहाएक टक्क्यांनी घटतं असा जुना ठोकताळा आहे. मॅस्टिक अस्फाल्टला ही गेज लावू नका. तो ओतून पसरतात, रोलर लागतच नाही.

रस्ता खचण्याआधी खालची पोकळी कळू शकते का?

बऱ्याचदा. माती अशीच नाहीशी होत नाही, तिला जायला वाट लागते : फुटलेलं मलवाहिनीचं पाइप, विटांचा जुना ढापा, म्हणजे झाकलेलं गटार, सैल झालेला मॅनहोल. मुंबईत पाणी ठरावीक तासांनाच येतं. पाणी आलं की गळक्या नळातून जोर येतो, माती धुऊन शेजारच्या गटारात जाते, पाणी गेलं की सगळं शांत. वर डांबर पुलासारखं तोलून राहतं.

रडारच्या पट्टीत पोकळी ठळक दिसते आणि तिची एक खूण आहे. घन पदार्थातून हवेत जाताना परतणाऱ्या लहरीचा चढउतार रस्त्याच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लहरीच्या उलटा असतो, ओल्या मातीवरून किंवा पाण्यावरून परतताना तसं होत नाही. जाणकार माणूस यावरून हवा भरलेली पोकळी आणि नुसती ओल वेगळी काढतो. फक्त रंगीत चित्रावर लाल गोल काढून 'पोकळी' लिहिलं असेल तर मूळ लहर दाखवायला सांगा.

स्वस्त सूचना द्यायची तर चर भरलेल्या पट्ट्यांपासून सुरुवात करा. केबल किंवा गॅससाठी खोदलेली चर जाड थरांत घाईने भरली की तिथे माती बसतेच.

मोबाइल ॲप किंवा लेझरची गाडी पुरे नाही का?

ॲप खड्डा मोजतं, कारण सांगत नाही. तक्रार नोंदवायला छान. लेझरची गाडी चाकोरी, तडे आणि रस्त्याचा उंचसखलपणा, ज्याला आयआरआय म्हणतात आणि जो मीटर प्रति किलोमीटरमध्ये मोजतात, ते अचूक देते. पण तिला एकसारखा वेग लागतो. संध्याकाळी अंधेरीत थांबत-सरकत घेतलेला आयआरआय फेकून द्यायच्या लायकीचा. पृष्ठभागाच्या खालचं तिलाही काही दिसत नाही.

मग कोअर काढणं थांबणार का?

थांबणार नाही, कमी होईल. आणि डोळे मिटून दर शंभर मीटरवर काढण्याऐवजी यंत्राने बोट दाखवलं तिथे काढता येईल. काही कोअर चांगल्या वाटणाऱ्या जागीही काढावेत, नाहीतर यंत्राचं चांगलं खरंच चांगलं आहे का ते कळत नाही. भोक त्याच रात्री गरम मिश्रणाने, थराथराने ठोकून भरा. तपासणीच्या भोकाचा पुढे खड्डा झालेला आम्ही पाहिला आहे, आणि तो फोटो विरोधकांच्या हाती गेला की तुमचा अहवाल कोणी वाचत नाही.

मुंबईत तपासणी कधी करावी?

एफडब्ल्यूडी आणि बीम पावसाळा सरल्यावर लगेच, कारण तेव्हा खालची जमीन सगळ्यात कमजोर असते आणि डिझाइनला तोच आकडा लागतो. उन्हाळ्यात केलीच तर ऋतूची दुरुस्ती लावावी लागते आणि वाद तिथूनच सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये दुपारी डांबर तापून मऊ होतं, वाहतूकही असते, तेव्हा रात्री किंवा पहाटे करा. रडार थर सुटणं शोधायला ऑक्टोबरात, जाडी मोजायला फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत. मे अखेरीस, दोष दिसले तरी दुरुस्तीला वेळ नाही अशा वेळी तपासणी काढणं हा फक्त कागद तयार करण्याचा उद्योग.

काँक्रीटवर डांबर टाकलेल्या रस्त्याचं काय?

शहरात असे बरेच आहेत. खालच्या काँक्रीटचे सांधे सरळ रेषेत वर उमटतात, ठरावीक अंतरावर आडवे तडे येतात. इथे नेहमीचं उलट गणित चालत नाही. एफडब्ल्यूडीची तबकडी सांध्याच्या एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला किती भार पोचतो ते पाहावं लागतं. उड्डाणपुलाच्या डेकवर एफडब्ल्यूडी लावू नका, तिथे डेक स्वतःच वाकतो. तिथे रडार आणि हातोडी.

आता सगळं शहर काँक्रीटचं होतंय. या चाचण्यांची गरजच काय उरणार?

महापालिकेचे रस्ते दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि काँक्रिटीकरणाच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवायला आयआयटी मुंबईला नेमलं गेलं हे वाचलंच असेल. पण पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग, किनारी रस्ता, पुलांचे पृष्ठभाग आणि सोसायट्यांचे आतले रस्ते यांत डांबर भरपूर आहे आणि राहील. यातली बहुतेक यंत्रं काँक्रीटलाही लागतात, काँक्रीटसाठी एफडब्ल्यूडीची वेगळी मार्गदर्शिका आयआरसी:११७-२०१५ आहे.

आमच्या सोसायटीचा दोनशे मीटरचा रस्ता आहे. आम्हाला हे परवडेल?

सगळं नाही, आणि लागतही नाही. एफडब्ल्यूडीची गाडी दोनशे मीटरसाठी बोलावू नका. तुमचा पैसा डांबर टाकण्याच्या रात्री खर्च करा : साधा हातातला इन्फ्रारेड तापमापी, डंपर आल्याची वेळ लिहिणारा एक माणूस, टॅक कोट मारण्याआधी झाडून झालेल्या पृष्ठभागाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार कोअर. कोअर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासा, मात्र त्यांच्या मान्यतेत ही विशिष्ट चाचणी आहे का ते कागदावर बघा. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहून घ्या आणि तो संपायच्या चार महिने आधी, पावसाळा झाल्यावर, एकदा तपासणी करा. संपल्यावर केलेल्या तपासणीला कंत्राटदार हसून चहा पाजतो.

अहवाल हातात आला. त्यात काय बघायचं?

तारीख, आणि आधीच्या काही दिवसांत पाऊस झाला होता का. डांबराचं तापमान. अँटेना किती गिगाहर्ट्झचा होता. जाडी कोणत्या कोअरशी जुळवली, त्या कोअरचे फोटो मोजपट्टीसह. जागा कशी लिहिली आहे तेही बघा : मेट्रोच्या पुलाखाली आणि उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस इकडेतिकडे भटकतो, तिथे दिव्याच्या खांबांचे नंबर आणि मॅनहोलपासूनचं अंतर जास्त कामाचं. दोष दाखवलेली जागा खडूने रस्त्यावर आखता येत नसेल तर तो अहवाल दुरुस्तीला निरुपयोगी.

मूळ डेटाच्या फायली पेन ड्राइव्हवर मागून घ्या, नुसती पीडीएफ नको. पुढच्या वर्षी दुसऱ्या एजन्सीने तोच रस्ता तपासला तर तुलना त्या फायलींवरूनच होईल. पैसे देण्याआधी मागा, नंतर त्या सहसा सापडत नाहीत.